वर चढणारा डोंगर

डोंगर खाली येतो. दरड कोसळते, माती घसरते, धोंडे गडगडत रस्त्यावर येतात, हे शाळकरी पोरालाही कळतं. पण आमचा डोंगर वर चढायला लागला, तेव्हा मी सगळी मापं पुन्हा काढली, चष्मा पुसला, परत पाहिलं आणि मग घारला हाक मारली.

"अरे, इकडे ये. हे बघ आणि मला वेड लागलंय का ते सांग."

घारनं माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकं घातलं. "वेड तुला आधीपासूनच आहे," तो म्हणाला. "पण हे काय आहे?"

घार म्हणजे आमचा ड्रोन उडवणारा. सतत मान वर आणि नजर आभाळात, म्हणून ते नाव पडलं. चालता चालता गटारात पडून झालंय, तरी सवय सुटत नाही. महामार्गाच्या वळणावर, डोंगराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या छपराचं आमचं ऑफिस आहे. एक खोली, मागे संडास, पुढे ड्रोन उतरवायला सिमेंटचा चौकोन. माणसं तीन. घार, साहेब आणि मी. डोंगरावर आम्ही जागोजागी पांढऱ्या फुल्या रंगवल्यात. दर आठवड्याला घार ड्रोन फिरवून त्यांचे फोटो काढतो. मी ते मागच्या आठवड्याच्या फोटोंशी जुळवते, आणि कुठली फुली किती सरकली ते नकाशावर रंगात उमटतं. निळं म्हणजे सगळं जागच्या जागी. लाल म्हणजे पळा. फुल्या खाली सरकायला लागल्या की रस्ता बंद करायला सांगायचं.

आणि त्या रस्त्यावरून, त्याच डोंगराखालून, माझा नवरा रोज बस नेतो आणि आणतो. त्यामुळे ही नोकरी मी पगारासाठी करते असं कुणी समजू नये. मी ती नवऱ्यासाठी करते. पगार वरचा.

तर त्या दिवशी सगळ्या फुल्या बोटभर पुढे आल्या होत्या, दरीच्या बाजूला. हे वाईट, पण कळण्यासारखं. डोंगर सुटायचा झाला की पुढेच येणार. पण त्याच फुल्या बोटभर वरही गेल्या होत्या. एकही खाली नाही. डोंगर पुढेही येत होता आणि उंचही होत होता.

साहेब आले, वाकून बघत राहिले. साहेब माणूस चांगला, पण गोंधळले की कान खाजवतात. दोन्ही कान खाजवून झाले.

"पाणी पिऊन फुगला असेल," ते म्हणाले.

"साहेब, डोंगर आहे. भिजत घातलेला हरभरा नाही."

"मग खुंटा हलला असेल. तुमच्या सासऱ्यांना विचारा."

आता हा खुंटा काय ते सांगायला हवं. ड्रोन आभाळात असतो, त्याला आपण नेमके कुठे आहोत ते कळायला जमिनीवर एक न हलणारी जागा लागते. तिथे पालथ्या वाटीसारखं एक यंत्र बसवतात. सगळी मापं त्याच्यापासून धरायची. जनावर दाव्यानं खुंट्याला बांधलेलं असतं, तसा आमचा सगळा डोंगर त्या वाटीला बांधलेला. म्हणून आम्ही तिला खुंटा म्हणतो. असे दोन खुंटे हवेत, एक दुसऱ्यावर लक्ष ठेवायला. दुसरा येतोय, येतोय म्हणतात. अजून यायचाय.

खुंट्याला पक्की जमीन हवी, वर मोकळं आभाळ हवं, वीज हवी आणि राखायला माणूस हवा. साहेब जागा शोधून थकले, तेव्हा मीच म्हटलं, आमची गच्ची घ्या. आमचं घर दरीपलीकडे, डोंगराच्या बरोबर समोर. सासरे गवंडी. आयुष्यभर लोकांची घरं बांधली आणि शेवटी स्वतःचं बांधलं. पायाला खडक लागला, तेव्हा म्हणे त्यांनी आनंदानं कामगारांना सुट्टी दिली होती. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच ऐकवतात, "खडकावर बांधलंय. पृथ्वी हलेल, हे घर हलणार नाही." खुंट्यासाठी गच्चीवर ओटा त्यांनीच घातला, पट्ट्या त्यांनीच आवळल्या. रोज सकाळी मऊ फडक्यानं तो पुसतात. माझे वाळत घातलेले कपडे गच्चीवरून हद्दपार झाले. सावली पडते म्हणे. नवरा म्हणतो, "बाबांना या वयात तिसरं अपत्य झालंय." एकदा घारनं गंमत म्हणून ड्रोन आमच्या गच्चीवरून नेला, तर सासऱ्यांनी पायातली चप्पल काढून भिरकावली होती. खुंट्याला धक्का लागला असता तर?

अशा माणसाला जाऊन काय विचारायचं? पण विचारलं.

"बाबा, पुसताना खुंटा हलतो का हो?"

"कोण म्हणतं?"

"साहेब म्हणतात."

"त्या कानखाजऱ्याला इकडे पाठव!" सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मी बसवलेली वस्तू हलते? ये वर, हलवून दाखव. माझ्यादेखत हलवून दाखव!"

मी वर गेले आणि दोन्ही हातांनी रेटून पाहिला. खुंटा हलवून बळकट करतात म्हणतात, ते मी खरोखरीच केलं. तसूभर हलला नाही. सासरे कमरेवर हात ठेवून उभे. "समाधान झालं, सूनबाई?"

समाधान कसलं, डोक्याचा नुसता भुगा. खुंटा घट्ट, फुल्या नीट, फोटो स्वच्छ, आणि डोंगर वर चढतोय.

सासऱ्यांचं डोकं त्या दिवशी आधीच तापलेलं होतं. स्वयंपाकघराचं दार कितीतरी दिवस लागत नव्हतं, खाली घासायचं. सुतारानं रंधा मारून दिला, चार दिवसांत पुन्हा घासायला लागलं. त्यानं पुन्हा मारला, पुन्हा तेच. शेवटी सुतारही वैतागला. "काका, माझं दार सरळ आहे. तुमची चौकटच तिरकी झालीय, त्याला मी काय करू?"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" सासरे कडाडले. "मी लावलेली चौकट तिरकी? चल, नीघ!" सुतार हत्यारं गोळा करून निघून गेला. सासरे तणतणत मागच्या अंगणात सिमेंट कालवायला गेले. हा त्यांचा हल्लीचा उद्योग. काय करताय म्हटलं तर म्हणत, "जरा डागडुजी." मला राग होता तो फक्त फरशीवर उमटणाऱ्या सिमेंटच्या पावलांचा. दिवसभर डोंगर बघा, घरी येऊन फरशी घासा.

पुढच्या उड्डाणात डोंगर आणखी बोटभर पुढे आणि बोटभर वर गेला. त्याच्या पुढच्या वेळी दोन बोटं. साहेबांनी मुख्य ऑफिसला फोन लावला आणि मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"वर गेला म्हणता?" पलीकडचा माणूस म्हणाला. "म्हणजे खाली आला नाही ना?"

"नाही, पण पुढे आलाय."

"खाली न येता पुढे कसा येईल?"

"तेच तर आम्ही विचारतोय!"

"हे बघा, खाली आला तर रस्ता बंद करायचा, असा नियम आहे. वर गेला तर काय करायचं हे कुठेच दिलेलं नाही. खाली आला की कळवा." त्यानं फोन ठेवला.

साहेब कान खाजवत बसले. घार म्हणाला, "खाली आला की कळवायला आपण उरू का?" कुणीच हसलं नाही. आमचं ऑफिसही त्याच डोंगराखाली होतं.

मला आता भीती वाटायला लागली होती. न समजणाऱ्या गोष्टीची भीती फार वाईट. समजतं तेव्हा माणूस निदान कुठल्या बाजूला पळायचं ते ठरवतो. बस निघाली असेल, आता वळणाशी आली असेल, आता डोंगराखाली असेल, असं मी दिवसभर मनात मोजत बसायची. बस खिडकीवरून गेली की नवरा भोंगा वाजवायचा, मग कुठे माझा श्वास सुटायचा.

मग एकदा रात्रभर पाऊस लागला, धो धो. सकाळी नवरा शर्टाची बटणं लावत होता, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

"आज बस नेऊ नकोस."

"कारण काय सांगू? बायकोचा डोंगर वर चढतोय म्हणून?"

"काहीही सांग. पोटात दुखतंय म्हण."

"अगं, तुझा डोंगर पुढे येतोय की वर जातोय ते आधी ठरव. मग मी रजा टाकतो."

"मला नाही कळत!" माझा आवाज चढला, मग फुटला. "मला काहीच कळत नाहीये, म्हणून तर म्हणतेय. आजचा दिवस घरी थांब. माझ्यासाठी."

शेवटी त्यानं कुरकुरत डेपोला फोन केला, पोटात दुखतंय म्हणाला. परत बोलावतील म्हणून फोन बंद केला आणि मागच्या खोलीत जाऊन डोक्यावरून पांघरूण घेतलं. रुसलाच होता. रुसू दे म्हटलं. साहेबांची जीप मला न्यायला आली, तेव्हा मला कित्येक दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. आता काय कोसळायचं ते कोसळो, माझा माणूस घरात आहे.

पाऊस थांबताच घारनं ड्रोन उडवला. मी फोटो जुळवले. नकाशा उमटला तो अख्खा लाल. फुल्या वीतभर पुढे, वीतभर वर.

"बस्स," साहेब म्हणाले. "नियम गेला खड्ड्यात. मी रस्ता बंद करायला सांगतो." आणि ते रस्त्याच्या फाटकवाल्याला फोन लावायला लागले.

मला बघायचं होतं की डोंगर आलाच तर रस्त्यावर नेमका कुठे येईल. आता रस्ता आमच्या नकाशात कधीच नसतो. त्यावरून ट्रक, बस सतत धावतात, फोटो जुळवताना घोळ होतो, म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून ती पट्टी काळी करून टाकलेली. रस्ता, पूल, ऑफिस, सगळं त्या काळ्याखाली. मी ती पट्टी काढली.

रस्ताही लाल होता. मैलाचा दगड वीतभर वर, पूल वीतभर वर. सगळं वीतभर पुढे.

"साहेब," मी म्हटलं, "आपला संडास वीतभर वर गेलाय."

साहेबांच्या हातात फोन तसाच राहिला. "काय?"

"आणि वीतभर दरीकडे सरकलाय."

आम्ही तिघांनी मागच्या खिडकीतून पाहिलं. संडास होता तिथेच होता. दाराला कुलूप, कुलपावर पावसाचे थेंब. घार बाहेर गेला, सिमेंटच्या चौकोनावर पाय आपटून आला. "हे तर हललेलं नाही," तो म्हणाला. "मग हललंय काय?"

डेपोत नवऱ्याच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसलं की माझी एक फजिती हमखास होते. बाजूची बस मागे जायला लागते आणि मला वाटतं आपलीच पुढे निघाली. मी दांडा गच्च धरते आणि तो खदाखदा हसतो. ते आठवलं आणि लख्ख कळलं. सगळं जग एकाच मापानं हलत नसतं. सगळं हललेलं दिसलं की समजावं, आपण हललोय. आपण म्हणजे खुंटा. खुंटा गच्चीला घट्ट होता. तो मी माझ्या हातांनी रेटून पाहिला होता. म्हणजे गच्ची हलली होती. घर हललं होतं. डोंगर वर चढत नव्हता, आमचं घर खाली जात होतं. डोंगर पुढे येत नव्हता, आमचं घर त्याच्याकडे, दरीत निघालं होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि नवरा घरात होता. मी दारात आडवी उभी राहून त्याला घरात ठेवला होता.

"घर," एवढंच माझ्या तोंडून निघालं. "माझं घर."

घारला लगेच कळलं, साहेबांना सांगावं लागलं. मी नवऱ्याला फोन लावला. बंद. सासऱ्यांना लावला. वाजत राहिला, कारण सासरे तो कपाटात ठेवतात, झिजेल म्हणून. शेजार असा नाहीच, घर एकटंच आहे त्या उतारावर. साहेबांनी अग्निशमनवाल्यांना कळवलं, पण दरीला वळसा घालून यायचं म्हणजे वेळ लागणार. मी जीपकडे धावत सुटले.

"थांब!" घार ओरडला. "जीपपेक्षा हा आधी पोचेल." त्यानं ड्रोनची बॅटरी बदलली आणि दरीवरून सरळ पलीकडे सोडला.

पडद्यावर आमचं घर आलं. आपलं घर वरून कधी बघितलं नव्हतं. रोज दुसऱ्याचं वाकून बघायचं, आपल्याकडे बघायचं सुचलंच नाही. मागच्या अंगणात, न्हाणीघरापासून फाटकापर्यंत, एक फिकट राखाडी रेघ गेली होती. धनुष्यासारखी वाकलेली, घराला पाठीमागून कवेत घेणारी. नवं सिमेंट. भेग पडली की सासरे बुजवत होते, पुन्हा पडली की पुन्हा बुजवत होते. गवंडीच ते. भेग दिसली की हात शिवशिवणारच. आता त्या सिमेंटला चिकटून एक काळी, नवी भेग उघडली होती, आणि सासरे गच्चीवर उभे राहून खुंटा पुसत होते.

"हाक कशी मारू?" मी रडायला लागले होते. "हा ड्रोन बोलत का नाही रे?"

"बोलत नाही. काय करू सांग."

मला सुचलं ते मी बोलून गेले. "चिडव त्यांना."

घारनं ड्रोन थेट खुंट्याशी नेला, हातभर अंतरावर घोंगावत ठेवला. सासऱ्यांनी मान वर केली. तोंड हललं, काय म्हणाले ते न ऐकताही कळलं. त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला. घार मागे सरकला, पुन्हा पुढे गेला, खुंट्याला शिवल्यासारखं केलं. झाडू फिरला. ड्रोन जिन्याकडे उतरला, सासरे जिन्यावरून खाली, धोतर सावरायचंही भान नाही.

"मागची खोली! खिडकी!" मी घारचा खांदा धरून हलवत होते.

ड्रोन मागच्या खोलीच्या खिडकीशी जाऊन घोंघों करत राहिला. सासऱ्यांनी नेम धरून झाडू मारला आणि खिडकीची काच फोडली. पुढच्या क्षणी माझा नवरा पांघरूण अंगावर घेऊन, डोळे चोळत दारातून बाहेर आला. बापाला आवरायला लागला. बाप कसला आवरतोय! ड्रोन फाटकाबाहेर, त्यामागे झाडू घेतलेले सासरे, त्यांच्यामागे अनवाणी नवरा. तिघांनी ती राखाडी रेघ ओलांडली. "आणखी वर ने," मी म्हणत होते, "आणखी वर, रस्त्यावर ने." रस्त्यावर पोचल्यावर सासऱ्यांनी झाडू टाकला, चप्पल काढली. या वेळी नेम बरोबर लागला. पडदा काळा झाला.

नंतर काय झालं, आम्हाला काही कळेना. जीपमध्ये साहेब म्हणत होते, "ते बाहेर आलेत, काळजी करू नका," आणि मी म्हणत होते, "परत आत गेले असतील तर? तो पायात काही घालायला परत गेला असेल तर?" वळणं संपता संपेनात. प्रत्येक वळणाला मला वाटे घर आहे, पुढच्या वळणाला वाटे नाही.

रस्त्यावर अग्निशमनची गाडी उभी होती. तिच्यापुढे माझा नवरा, पांघरुणासकट. शेजारी सासरे, मोडका ड्रोन बगलेत. मला बघताच गरजले, "हे घ्या तुमचं पाखरू! खुंट्यावर झडप घालत होतं! तुमच्या त्या..." आणि त्याच वेळी खालून आवाज आला. फार मोठा नाही. भांड्यांचा ढीग कुणी तरी सावकाश सोडावा तसा.

घराची मागची बाजू बसली. मागची खोली, न्हाणीघर, अंगण. भिंत आधी वाकली, मग छप्पर तिच्यावर गेलं. ज्या खाटेवर नवरा पांघरूण घेऊन झोपला होता, तिचे दोन पाय तेवढे वर दिसत राहिले. मी रस्त्यावरच बसले.

साहेबांनी सासऱ्यांना हळूहळू सांगितलं. खडक होता, काका, पण खडकाखाली माती होती. तो सुटा धोंडाच होता, मोठा. तोच निघाला, घर घेऊन. सासरे म्हणाले, "मी स्वतः पहार मारून पाहिली होती." मग म्हणाले, "खणकन वाजली होती."

नवरा माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. "सकाळी म्हणालीस रस्त्यावर जाऊ नको," तो म्हणाला. रागानं नाही, खरंच न समजून म्हणाला. "घरात थांब म्हणालीस. आता घरातून पळवलंस. उभं राहू कुठे, ते एकदा सांग ना."

मी त्याचं पांघरूण मुठीत धरलं आणि सोडलं नाही.

सासरे घराकडे बघत होते. स्वयंपाकघराची भिंत पडली होती, पण ते दार चौकटीसकट उभंच होतं. इतक्या लांबून, नुसत्या डोळ्यांनाही चौकट तिरकी दिसत होती. दार मात्र सरळ होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "सुताराला फोन लाव."

मला वाटलं, धक्क्यानं डोकं फिरलं. "बाबा, आता सुतार कशाला?"

"त्याला सांगायचंय," सासरे म्हणाले. ड्रोन त्यांनी अजून बगलेत धरला होता. "अंगण वाकडं होतं म्हणून सांगायचंय."